धड आमचं, डोकं त्यांचं

“अरे राहू, तू इकडे कुठे बसलास?”

सर असं म्हणाले आणि पंगत हसली.

मस्कतच्या अल हैल भागातला त्यांचा बंगला. पाडव्यानंतरचा शुक्रवार. हॉलमधले सोफे भिंतीला सारून खाली सतरंज्या घातल्या होत्या आणि दोन ओळींत केळीची पानं मांडली होती. ती पानं आदल्या दिवशी मीच दोनेक तासांवरच्या सहम या किनाऱ्यावरच्या गावातल्या एका बागेतून आणली होती. सरांच्या बायकोने, म्हणजे मॅडमनी, फोन करून सांगितलं होतं. मी शेवटच्या पानावर बसलो. मला कुणी बसवलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. पान रिकामं होतं, वाढप सुरू होतं, बसलो. श्रीखंडाचा पहिला घास तोंडात होता.

समुद्रमंथनाच्या गोष्टीत राहू असाच देवांच्या पंगतीत जाऊन बसतो. अमृत गळ्याशी पोचतं न पोचतं तोच विष्णू त्याचं डोकं उडवतो. सर समुद्रमंथनाचं मोठं चित्र करणार होते आणि त्यातला राहू मीच होतो. तोंड वासून, मान वर करून दीड तास बसलो होतो त्यासाठी. त्या चित्राची कच्ची रेखाटनं आतल्या खोलीत भिंतीला लावली होती, पाहुण्यांनी ती जेवणाआधी बघितली होती. म्हणून तर विनोद सगळ्यांना पटकन कळला.

“तुझं पान आत वाढलंय रे, ड्रायव्हरबरोबर,” मॅडम म्हणाल्या. आवाज गोड होता. त्यांनी वाकून माझ्या पानापुढचा पाण्याचा पेला उचलला, म्हणजे मला उठायला सोपं जावं.

शेजारचा माणूस जरासा सरकला. मी बसलो तेव्हा तो सरकला नव्हता.

मी तोंडातला घास गिळला. ते मला अजून टोचतं. थुंकायला हवा होता. गिळला.

मग उठलो. पण ड्रायव्हरकडे गेलो नाही. कुठे गेलो ते सांगतो, पण त्याआधी मी त्या घरात कसा पोचलो हे सांगायला हवं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. मस्कतच्या रुवी भागात एका बोर्ड बनवणाऱ्या दुकानात कामाला होतो. दुकानांच्या पाट्या, गाड्यांवरची अक्षरं, फ्लेक्स, सगळं. अरबी मला वाचता येत नव्हतं, पण अरबी अक्षर माझ्याइतकं सुबक त्या गल्लीत कुणी काढत नव्हतं. त्याआधी चार वर्षं चित्रकलेच्या कॉलेजात काढली होती. शिष्यवृत्तीवर. तिथे पहिल्या वर्षी प्लास्टरचे ग्रीक देव काढायला बसवत. पांढरे, नाक फुटलेले, डोळ्यांत बुबुळं नसलेले देव. आमच्यातल्या निम्म्यांनी जन्मात गोरा माणूस बघितला नव्हता आणि आम्ही त्यांच्या देवांच्या बरगड्या मोजत होतो.

आमचे म्हातारे मास्तर मात्र वेगळे होते. ते म्हणायचे, “हा देव आभाळातून पडला नाही. कुणीतरी गरीब माणूस उघडा उभा राहिला, त्याला बघून हा केला. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. तुम्ही तरी लिहीत जा.” म्हणून आम्ही माणूस समोर बसवून काढलं की कागदाच्या तळाला त्याचं नाव आणि गाव लिहायचो. हमाल, रद्दीवाला, कॉलेजचा शिपाई, सगळ्यांची नावं. मला ती सवयच लागली. नाव लिहिल्याशिवाय रेखाटन पुरं झालं असं वाटायचंच नाही.

सरांची ओळख दुकानातच झाली. ते इंटिरिअरची कामं घ्यायचे आणि आमच्याकडून पाट्या करून न्यायचे. मस्कतच्या मराठी माणसांत त्यांना मोठे चित्रकार म्हणून मान होता. एकदा त्यांनी गिऱ्हाइकाची वाट बघता बघता मी कागदावर काढलेला हात बघितला. बराच वेळ बघितला.

“गाव कुठलं?”

मी सांगितलं.

“तिथे वाडी कुठली?”

कोकणातल्या माणसाला या प्रश्नाचा अर्थ कळतो. आडनावावरून उलगडा झाला नाही की वाडी विचारतात. समुद्र ओलांडून आलो तरी वाडी सोबत येते.

“बौद्धवाडी.”

“असं होय. छान, छान.”

त्या दिवसापासून त्यांनी मला आडनावाने हाक मारणं बंद केलं. ‘आर्टिस्ट’ म्हणायला लागले. “काय आर्टिस्ट, येणार का शुक्रवारी?” असं.

एका मराठी बिल्डर शेठच्या नव्या घरात भिंतभर समुद्रमंथन हवं होतं. देव एकीकडे, असुर एकीकडे, मध्ये पर्वत, दोरी म्हणून वासुकी नाग. सरांनी मला सांगितलं, तू माणसं बसवून रेखाटनं कर, रंगकाम मी करीन. मजुरी ठरली, आणि ती त्यांनी चोख दिली. पैसे बुडवले असं मी म्हणणार नाही. त्यांनी दुसरंच काही बुडवलं.

मी जीव ओतला त्या कामात. दोरी ओढणारी माणसं कशी दिसतात हे बघायला दोनदा सहमच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे पहाटे सोडलेलं जाळं दिवस चढल्यावर माणसं हाताने ओढतात. टाच वाळूत रुतते, पोटरीचा गोळा वर चढतो, मान खांद्यात जाते, दात दिसतात. तिथला सालिम नावाचा कोळी मला कागदावर स्वतःला बघून म्हणाला, “ये मैं?” आणि मग मित्रांना बोलावून बोलावून दाखवत सुटला.

बाकीची माणसं आमच्यातलीच. दुकानामागच्या गोदामात खांबाला दोरी बांधायची आणि शुक्रवारी एकेकाने ती ओढत उभं राहायचं. दिनू सुतार, चिपळूणकडचा. शौकतभाई, आमच्याच जिल्ह्यातल्या खाडीकाठचे, ट्रक चालवायचे. आणखी काही जण. चार-चार तास उघड्या अंगाने. गोदामात एसी नव्हता.

शौकतभाई म्हणाले, “मला देव करतोस काय रे? घरी कलवू नको हां. बायको म्हणेल, मस्कतला जाऊन ह्यो काय धंदा काढलान.” आणि दोरी सोडून हसत बसले.

दिनू म्हणाला, “पोटरी नीट काढ. निम्मी जिंदगी तिच्यावर गेलीय.”

एका शुक्रवारी सर गोदामात आले. नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले. पेटीतले आंबे निवडावेत तसं पेनाने दाखवत गेले. हा देवांत. हा देवांत. हा राक्षसांत. गोरे, उजळ ते एकीकडे. काळे, राठ ते दुसरीकडे. एकाच खोलीत राहणारे, एकाच पातेल्यातलं जेवणारे लोक, पेनाच्या टोकाने दोन जातींत वाटले गेले. शौकतभाई उजळ म्हणून देव झाले. दिनूही देव झाला, का ते सरांनाच माहीत. सालिमचं रेखाटन बघून त्याच्या दंडावर ते खूश झाले, तोही देव.

“राहूसाठी तू बस,” मला म्हणाले. “चेहरा अगदी नेमका आहे. हनुवटी वर. अजून वर. तोंड उघड. भुकेलेलं दिसलं पाहिजे.”

मी आरशात बघून स्वतःचा राहू काढला. सर शेजारी उभे राहून “अजून अधाशी, अजून अधाशी” म्हणत होते. मी हसण्यावारी नेलं. कामापुरता मामा असला तरी मामा आहे, असं वाटायचं तेव्हा.

अकरा कागद झाले. सहा देव, चार असुर, एक राहू. सगळे कोळशाने काढलेले. पुरे झाल्यावर मी त्यांच्यावर कोळसा पक्का करणारा फवारा मारणार होतो. सर म्हणाले, “आत्ता नको. थोडे बदल करायचेत.” आणि एक दोष काढला. “देवांना एवढा घाम कशाला? शिरा कशाला? देव ओढत नसतात रे. ती लीला असते.”

“दोरी ओढली तर शीर फुगणारच, सर.”

“राक्षसांची फुगू दे.”

माझ्या आईचं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात चिखल तुडवण्यात गेलं. तिच्या पायाच्या शिरा आठवल्या. लीला कुणाची असते आणि शीर कुणाची फुगते हे मला कुठल्या पुराणात वाचावं लागलं नाही.

पंगतीच्या आदल्या दिवशी केळीची पानं द्यायला गेलो तेव्हा आतल्या खोलीत डोकावलो. कागद भिंतीला लावलेले होते. सहाही देवांची डोकी पुसलेली होती. चोळून चोळून पुसली होती, मानेपाशी करडा डाग उरला होता. आणि त्या जागी फोटो चिकटवले होते. शौकतभाईंच्या धडावर शेठ, म्हणजे इंद्र. दिनूच्या धडावर शेठचा भाऊ. मग दोन मुलगे, जावई. सालिमच्या धडावर खुद्द सर, चष्मा काढून काढलेला फोटो. दातओठ खाऊन दोरी ओढणाऱ्या त्या शरीरांवर लग्नाच्या अल्बममधले हसरे, गुबगुबीत चेहरे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बिळात स्वतःचं अंग घेऊन शिरतो.

असुरांची डोकी जागेवर होती. असुर कुणालाच व्हायचं नव्हतं ना.

आणि सगळ्या अकरा कागदांची खालची पट्टी कटरने कापलेली होती. जिथे मी नावं लिहिली होती ती पट्टी. त्या पट्ट्या खाली टोपलीत पडल्या होत्या. उजव्या कोपऱ्यात सरांची सही होती, इंग्रजीत, शेपटी काढून.

“सर, नावं का कापली?”

“अरे, ते खालचं खरकटं कशाला? उद्या शेठ बघणार आहेत. आणि बरं का, उद्या तूही ये. जेवायलाच ये.”

मी तिथेच बोलायला हवं होतं. बोललो नाही. घाबरलो होतो. दुकानाचा मालक, आमचा अर्बाब, याला निम्मं काम सरांमुळे मिळायचं. आणि खोटं कशाला बोलू, लोभही होता. शेठ माझं काम बघणार, कोणीतरी विचारेल हे कुणी काढलं, आणि सर निदान बोट तरी दाखवतील. एवढ्यासाठी मी इस्त्रीचा शर्ट घालून त्या पंगतीला गेलो.

तर मी उठलो. उजवा हात तसाच, उष्टा. आतल्या खोलीत गेलो. मागून सर आले, त्यांना वाटलं मी स्वयंपाकघराची वाट चुकलो.

मी इंद्रापुढे उभा राहिलो आणि शेठचा फोटो ओढून काढला. मग तळहात कागदावर ठेवला आणि वरून खाली पुसत आणला. फवारा न मारलेला कोळसा तो, एका हातात गेला. खांदा गेला, बरगड्या गेल्या, पोटरी गेली. श्रीखंड आणि वरण त्यात कालवलं गेलं. काळपट, चिकट राड झाली. दुसरा कागद. तिसरा. माझ्या तीन महिन्यांच्या शुक्रवारांना मीच पुसत होतो आणि मला आतून बरं वाटत होतं, हेही सांगतो. फार बरं वाटत होतं.

“वेडा झालास का? कागद माझा आहे,” सर म्हणाले. “तुला मजुरी दिलीय.”

“कागद तुमचाच. ठेवा.”

तोवर पंगत उठून दारात आली होती. मी सहावा देव पुसला, सालिमच्या अंगावरचा सरांचा फोटो खाली पडला. असुरांना हात लावला नाही. राहूलाही नाही. भिंतीवर आता चार असुर दोरी ओढत होते आणि पलीकडे दोरी धरायला कुणी नव्हतं.

“हे तुमच्या इंद्राचे पाय होते ना,” मी शेठना म्हणालो, “ते शौकत नावाच्या ट्रक ड्रायव्हरचे आहेत. तुमच्या भावाचे हात दिनू सुताराचे. सर, तुम्ही सहमच्या कोळ्याचं अंग घातलं होतंत. नावं तुम्ही कापलीत. मग अंगं कशाला ठेवता?”

शेठ व्यवहारी माणूस. त्यांनी राडीकडे बघितलं, मग सरांकडे.

“सर, परत काढायला किती दिवस लागतील?”

“मूड लागतो हो त्याला.”

“उद्या बसा की. तुमचाच हात आहे.”

सर जमिनीवर पडलेला स्वतःचा फोटो उचलत होते. शेठ त्यांच्याकडे बघतच राहिले, आणि ते बघणं बघून मी निघालो. त्या क्षणाची गोडी मी कुणाशी वाटून घेणार नाही. ती माझी एकट्याची आहे.

तिसऱ्या दिवशी अर्बाबने बोलावलं. माणूस वाईट नव्हता. “सर को सॉरी बोलो, खलास,” म्हणाला. “नहीं तो टिकट.” दुसरीकडे काम धरायचं तर त्याची एनओसी लागायची, आणि ती तो देणार नव्हता. म्हणजे घरीच. घरी धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं.

मी म्हणालो, “टिकट.”

खोलीवर आलो तर वाटलं, माझे लोक पाठ थोपटतील. दिनूने तोंड फिरवलं. मग म्हणाला, “त्यानं आमचं डोकं पुसलंन. आनि तू आमचं अंग पुसलंस. आमाला इचारलंस?”

सूड माझा होता आणि पुसली गेली ती दुसऱ्यांची अंगं. मी त्याच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, “परत उभा राहशील?”

“डोकं ठेवशील?”

“ठेवीन.”

जाण्याआधी दोन शुक्रवार हातात होते. दुकानातला स्वस्त रोल फाडून कागद केले. शौकतभाई आले. सालिम सहमहून आला, माशांची पिशवी घेऊन. सहाही जण आले. या वेळी कुणी देव नव्हतं. माणसं दोरी ओढत होती, घाम गळत होता, चेहरे जसेच्या तसे. आधीपेक्षा चांगली झाली चित्रं, कारण या वेळी माझा हात कुणाला खूश करत नव्हता. तळाला नाव, गाव. लगेच फवारा मारून पक्की केली.

कागद गोदामात वाळत होते तेव्हा सर आले. रुमाल नव्हता नाकाला. पंधरवड्यात खंगल्यासारखे दिसत होते. शेठने मुदत दिली असणार. त्यांनी एकेक कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला, घबाड दिसल्यावर चोराचा उजळतो तसा.

“हेच. अगदी हेच,” म्हणाले. “हे बघ, झालं गेलं विसरून जाऊ. हे सहा मला दे. अर्बाबशी मी बोलतो, तिकीट रद्द. खाली तुझं नावही घालू, साहाय्यक म्हणून.”

एक शब्द बोललो असतो तर नोकरी राहिली असती. बहिणीची फी डोळ्यांपुढे होती. शौकतभाई आणि दिनू शर्ट घालत होते, त्यांनी ऐकलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी काय करावं ते मला सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

“हे माझे नाहीत,” मी म्हणालो. “ज्याचं अंग त्याचा कागद. त्यांना विचारा.”

सरांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ड्रायव्हरला आणि सुताराला विचारायचं कसं, हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

“बरं, मग मला नवे काढून दे.”

“देतो. शर्ट काढा.”

“काय?”

“शर्ट काढा आणि ही दोरी धरा. चार तास. एसी नाही इथे. तुमचं अंग द्या, मी तुमचा देव काढतो. सुटलेलं पोट काढीन, खांद्यावरचे केस काढीन, शीर फुगली तर शीर काढीन. खाली तुमचं नाव लिहीन. चेहरा तुमचा, धड तुमचं.”

दिनूने खांबावरची दोरी उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यात चेष्टा नव्हती. तो खरंच देत होता.

सर दोरीकडे बघत राहिले. मग शर्टाचं वरचं बटण, जे लागलेलंच होतं, ते त्यांनी चाचपून बघितलं आणि गेले.

चार दिवसांनी मी विमानात बसलो. बहिणीचं वर्ष एका सत्राने लांबलं. मी गावाकडे भिंती रंगवतो, शाळांवर, दुकानांवर, आता तर मंदिरांवरही बोलावतात. देव काढायला सांगतात. मी अट घालतो: तुमच्या गावातला कष्टाचा माणूस समोर बसवा, त्याचाच चेहरा येईल, त्याचं नाव भिंतीवर खाली येईल. बहुतेक जण नको म्हणतात. मग मी ब्रश धुतो आणि घरी जातो. कुणाला राग येतो, येऊ दे. माझा राग जुना आहे आणि मला तो विझवायचा नाही. या हातातून इथून पुढे ज्याचं धड निघेल त्याचंच डोकं त्यावर असेल. नाहीतर भिंत कोरी राहील.